उन्हात शिजलेले अन्न आणि अग्नीचा प्रश्न

काचेच्या बंद पेटीत, निव्वळ उन्हावर शिजलेल्या वरणभाताला अग्निसंस्कार झाला असे म्हणता येते का? प्रश्न वरवर सोवळ्याओवळ्याचा वाटतो. पण तेज म्हणजे काय, पाक कशाने होतो आणि ज्वाला नसेल तर अग्नी आहे असे मानावे का, हे जुने वाद त्याच्या पोटात आहेत. खानदेशातल्या पारोळ्यात तो पुस्तकीही राहत नाही. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गच्च्यांवर बिबडे, पापड, कुरडया वाळत असतात आणि पेटी बांधायला लागणारा कापूस, कडबा, जुना पत्रा गावातच मिळतो. तत्त्वचर्चेलाही हा मुलूख नवखा नाही. शेजारच्या अमळनेरात प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले.

यास्काच्या निरुक्तात, सातव्या अध्यायात, वैश्वानर ही वैदिक देवता म्हणजे कोण यावर वाद आहे. जुन्या याज्ञिकांच्या मते तो सूर्य, शाकपूणी या आचार्याच्या मते पृथ्वीवरचाच अग्नी. वरच्या ज्योतींपासून हा अग्नी जन्मतो, हे दाखवायला तिथे दिलेला दाखला थेट प्रयोगाचा आहे. काशाचे भांडे किंवा मणी घासून उन्हात धरायचा आणि समोर सुके शेण न टेकवता ठेवायचे. ते पेटते, आणि पेटलेला तो हाच, घरातला, अग्नी असतो. देवतेच्या स्वरूपावरच्या वादात साक्षीला आरसा आणि गोवरी यावी, हे विशेषच.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ऊन वेगळ्या निमित्ताने येते. डोळ्याचा किरण काचेपलीकडे जातो का, या चर्चेत सूत्रकार म्हणतो की मध्ये स्फटिक असला तरी सूर्यकिरण जळण्याजोग्या वस्तूपर्यंत अडथळ्याविना पोचतो. सौरपेटीचे अर्धे तत्त्व इथे आले. उरलेले अर्धे, म्हणजे आत शिरलेली उष्णता त्याच काचेने परत जाऊ न देणे, तिथे नाही. काच दृश्य प्रकाश आत सोडते, पण तापलेल्या काळ्या पत्र्यातून निघणारे लांब तरंगलांबीचे प्रारण अडवते. या गुणाचा पद्धतशीर उपयोग सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये एकात एक काचेच्या पेट्या ठेवून केला. पुढे १८७८ मध्ये मुंबईत विल्यम ॲडम्स याने उष्ण देशांत इंधनाऐवजी ऊन वापरण्यावर पुस्तकच प्रसिद्ध केले. त्याची चूल आरशांची होती.

नैयायिकांचे वर्गीकरणही इथे उपयोगी पडते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात तेजाचे भौम, दिव्य, औदर्य आणि आकरज असे चार प्रकार आहेत. चुलीतला अग्नी भौम, आकाशातली वीज दिव्य, खाल्लेले पचवते ते औदर्य, आणि सोने आकरज. चारही एकाच द्रव्याचे प्रकार. या चौकटीत ऊन हे चुलीला परके नव्हे.

जैन विचार मात्र निराळा. त्यात अग्नी हा स्वतः जीवांचा देह आहे, तेजस्काय. तो पेटवणे आणि विझवणे दोन्ही हिंसा. सूर्याच्या बिंबातले जीव पृथ्वीकाय मानले आहेत, आणि बिंब उष्ण नसूनही त्याची प्रभा उष्ण असते, ती 'आतप' नामकर्माने. म्हणजे यास्क ज्यांना एका कुळातले ठरवतो, त्यांना इथे मुळातच वेगळे केले आहे. या दृष्टीने सौरपेटीत अग्निकायाची हिंसा टळते, पाण्यातल्या जीवांची टळत नाही. या दोन मतांतले खरे कोणते, ते पेटी सांगू शकत नाही. तापमापीला दोन्हीकडे सारखाच आकडा दिसेल. पाकाला ज्वाला लागते का, एवढ्याच प्रश्नाचा निकाल ती देते.

तो निकाल पेटीच्या भिंतींवर ठरतो. ५० सेंमी चौरस तोंडाची, २० सेंमी खोल पेटी घेतली तर स्वच्छ दुपारी तिच्यावर अंदाजे २२५ वॅट ऊन पडते. दोन काचांमधून त्यातले १५५ ते १६० वॅट आत पोचतात. तळ आणि बाजू मिळून ०.६५ चौरस मीटर. त्यांमागे ५ सेंमी जाडीचा कोरडा कडबा, भाताचे तूस किंवा कापूस भरला, तर बाहेरपेक्षा ८० अंश जास्त तापमानाला भिंतींतून सुमारे ५० वॅट निसटतात, आणि काचांतून सुमारे ७०. जमेची बाजू अजून वरचढ असते, म्हणून पेटी तापत राहते. भरण निम्मे केले की भिंतींचा तोटा शंभराच्या आसपास जातो आणि आरशाची मदत नसेल तर ८० अंशांचा फरक टिकतच नाही. भरण पुरेसे असले की काचेतले नुकसान भिंतींपेक्षा मोठे असते, हे घरी पेटी बांधणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

कापूस, लोकर, तूस यांची वाहकता थर्माकोलच्या किंवा काचलोकरीच्या जवळपास असते, कारण काम करते ती त्यांच्यात अडकलेली स्थिर हवा. ओल आली की हा गुण जातो. म्हणून भरण आधी कडक उन्हात वाळवावे, दाबून ठासू नये, कीड लागू नये म्हणून सुका कडुनिंबाचा पाला मिसळावा. आतला पत्रा काळा रंगवल्यावर वास जाईपर्यंत पेटी रिकामीच तापवावी. कडबा आणि कापसाची पऱ्हाटी खानदेशात सरपण म्हणूनही जातात. चुलीत त्यांची उष्णता एकदाच मिळते. भिंतीत भरल्यावर ती स्वतः काही देत नाहीत, आलेले जाऊ देत नाहीत इतकेच. पेटीतला पाक बराचसा या न देणाऱ्या पदार्थांच्या जिवावर होतो, आणि अग्नी म्हणजे देणारा या रूढ कल्पनेला इथे जरा धक्का बसतो.

भरण खरोखर काम करते का, हे तपासायला अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत पुरते. दोन सारख्या पेट्या, एकीत कडबा, दुसरीत नुसती हवा. दोन्ही एकाच दुपारी, एकाच दिशेला. ऊन, वारा, बाहेरचे तापमान दोघींना समान असल्याने फरक उरतो तो भरणाचाच. दुसऱ्या दिवशी भरणांची अदलाबदल करावी, नाहीतर काचेची फट एखाद्या पेटीच्या नावावर खपून जाते. भारतीय मानक आयएस १३४२९ मध्ये हेच आकड्यांत बांधले आहे. रिकाम्या पेटीच्या तळाचे स्थिरावलेले तापमान आणि बाहेरचे तापमान यांतील फरकाला उन्हाच्या तीव्रतेने भागतात. भागाकार ०.१२ किंवा अधिक आला तर पेटी वरच्या प्रतीची. वर हिशेबाला घेतलेली पेटी आरशाविना या रेषेच्या किंचित खाली राहते. रिकाम्या पेटीनंतर पाणी भरलेल्या भांड्यांची चाचणी घ्यायची असते, कारण पेटीला शेवटी अन्न तापवायचे असते.

पारोळ्याचे अक्षांश सुमारे २०.९ अंश उत्तर. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, तर डिसेंबरात माध्यान्हीही ४६ अंशांच्या आसपासच चढतो. तेव्हा झाकणाच्या आरशावाचून भागत नाही. घड्याळातले साडेबारा हे इथले साधारण खरे माध्यान्ह.

असे अन्न नैवेद्याला चालते का, हा प्रश्न व्यवहाराने बराचसा सोडवला आहे. आयुर्वेदात उन्हात सिद्ध होणारे आदित्यपाक गुग्गुळ आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानात २००९ पासून ७३ मोठ्या सौर तबकड्यांच्या वाफेवर प्रसादाचे अन्न शिजू लागले, आणि भाविकांनी ते प्रसाद म्हणूनच घेतले. पण खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट श्रावणात करायचे असतात, आणि तेव्हा आभाळ भरलेले असते. तिथे चुलीला किंवा गॅसला पर्याय नाही.

दुसरी मर्यादा तत्त्वाची आहे. वेगवेगळ्या तेजाच्या संयोगाने रंग, रस आणि गंध वेगवेगळे उपजतात, असे नैयायिक मानतात. पेटी सव्वाशे अंशांच्या आसपास राहते; त्यात डाळ, भात, भाजी शिजते, बटाटे आणि रताळी उत्तम होतात. भरिताचे वांगे मात्र पऱ्हाटीच्या आगीवर, साल करपेपर्यंत भाजावे लागते. धुराचा तो वास पेटीत उपजत नाही.