विहिरीतला दम मालवणला नको

वरवंड, ता. दौंड

चि. ओंकार,

तू पाठवलेला हवाईचा व्हिडिओ पाहिला. ओआहू बेटावरची ती शार्क्स कोव्ह, खडकांनी वेढलेलं पाणी, लाव्हाच्या नळ्या आणि त्यांतून आरपार जाणारी माणसं. 'आबा, आपल्याकडे असलं काही का नाही?' असं खाली लिहिलंस.

नळ्यांचं म्हणशील तर आपल्याच तालुक्यात बघ. रेमंड दुराईस्वामी, निनाद बोंद्रे आणि गौरी डोळे या भूशास्त्रज्ञांनी 2004 साली दौंडच्या लाव्हाथरावर शोधनिबंध लिहिला. तिथे अशा नळ्यांचं जाळं असावं, असं त्यांचं म्हणणं. लाव्हा वाहताना वरून थंड होतो, दुधावर साय धरावी तशी कवची धरते. ती आतली उष्णता अडवते, म्हणून खालचा रस वाहतच राहतो. मागून येणं थांबलं आणि आतला रस निघून गेला की पोकळी उरते. हवाईत हे आजही घडतं. आपल्याकडचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि समुद्र घाटापलीकडे.

तू दिवाळीत सिलिंडर लावून बुडी मारायला जिथे चालला आहेस, त्या मालवणला समुद्र आहे, पण खडक वेगळा. त्या भागातले बरेचसे खडक आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुने. तेव्हा तिथे लाव्हाच्या नळ्या शोधू नकोस. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची प्रवाळं बघ. 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण ते जिवंत प्राण्यांचं घर. त्यावर पाय टेकायचा नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

आता मुद्द्याचं. तू विहिरीत आणि कॅनॉलला पोहायला शिकलास. काठावरून सूर मारायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, आणि कोण जास्त वेळ दम धरतो याची पैज. पाण्याची भीती तुला नाही, हे चांगलंच. पण ती दम धरायची सवय वरवंडलाच ठेवून जा. विहिरीत तू छातीत नेतोस ती वरची हवा. खाली ती आकसते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. सिलिंडरची हवा मात्र तू खालच्या दाबाने घेतोस. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर आलास तर फुफ्फुस फाटू शकतं, आणि त्याला फार खोलीही लागत नाही. एक-दोन मीटरचा फरकही घातक ठरू शकतो. म्हणून श्वास चालूच ठेवायचा, आणि वर सावकाश यायचं. कानांना दडे बसायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची. सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसून सोलकढी प्यावी.

नळीत शिरणं ही तर निराळीच विद्या. डोक्यावर छत असतं, घाबरून सरळ वर येता येत नाही. पायाच्या एका फटक्याने गाळ उठला की दिसेनासं होतं. गुहेत बुडी मारायला शिकलेले लोक हवेचे तीन भाग करतात: एक आत जायला, एक परतायला, एक राखून. हवाईचा व्हिडिओ पाहून तुला वाटलं तेवढं ते सोपं नाही. शिवाय हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर अशा लाटा येतात की पाण्यात पाय घालायची सोय नाही. आपल्याकडे तेच पावसाळ्यात. म्हणून तुझा दिवाळीचा बेत मला पटला.

एक गोष्ट मुलं विसरतात. बुडी मारताना नायट्रोजन अंगात मुरतो आणि उंचावर गेल्यावर बाहेर पडू पाहतो. विमानाला म्हणूनच एका साध्या बुडीनंतर 12 तास, लागोपाठच्या बुड्यांनंतर 18 तास थांबायला सांगतात. घाटही उंचच. पहिली उथळ बुडी असेल तर फार चिंता नको, पण पुढे कोर्स करून खोल जाऊ लागलास तर पाण्यातून निघून लगेच आंबोली चढू नकोस. मालवणात मुक्काम करा, सकाळी निघा.

गाडी कोण चालवणार ते कळव, आणि दम्याचं किंवा कानाचं दुखणं असलेला मित्र बरोबर असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठव.

तुझे,
आबा