पाऊस मागताना

आजचे वाचन : निर्गम १४:१०-१६, याकोब २:१४-१७



माझ्या प्रार्थनेच्या वहीत दर उन्हाळ्यात एक ओळ असायची : शहापूरच्या पाड्यांसाठी पाऊस. रोज सकाळी तिच्यावर बोट ठेवून मागायचं, ‘प्रभू, हस्तक्षेप कर.’ आणि पुढच्या ओळीवर जायचं.

गेल्या मे महिन्यात मंडळीतल्या तरुणांबरोबर भातसानगरला जाणं झालं. धरण बघितलं, फोटो काढले, मग वर एका पाड्यावर गेलो. विहिरीच्या तळाला गढूळ पाणी आणि काठावर हंड्यांची रांग. मी एका मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं, “आम्ही रोज तुमच्यासाठी पावसाची प्रार्थना करतो.” त्या हसल्या. म्हणाल्या, “पाऊस लय पडतो गं पोरी. ऱ्हात नाय.”

मला पुढे काही बोलताच आलं नाही.

खरंच आहे ते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा तालुका, चार महिने धो धो कोसळतो. पण उतारावरून, कातळावरून पाणी निघून जातं आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. धरण खाली, पाडे वर. धरणातलं पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईला जातं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं भातसाचं. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच.

म्हणजे क्वाएट टाइमला बसण्याआधी मी ज्या पाण्याने तोंड धुते, ते बहुतेक याच खोऱ्यातलं. आणि मग गुडघे टेकून मी देवाला सांगते, त्यांना पाणी दे! जे त्याने दरवर्षी दिलंच होतं, तेच मी मागत होते. अडलं होतं ते माणसांपाशी. त्या माणसांत मीही आले.

मग मागणं सोडायचं का? आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणालाच, “प्रार्थना बंद कर, टाकी बांधायला पैसे जमव.” मला ते अर्धंच पटलं. निर्गमात समोर समुद्र, मागे फारोचं सैन्य, आणि देव मोशेला विचारतो की मला हाका का मारतोस, लोकांना चालायला सांग. हे वाचून मला आधी टोचायचं. पण समुद्र काही इस्राएलांनी दुभंगला नाही, तो देवानेच दुभंगला. लोकांच्या वाट्याला होतं पाण्याच्या दिशेने पाऊल टाकणं, वाट दिसायच्या आधी.

पंडिता रमाबाई आठवतात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतः आईवडील गमावले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुढे १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा प्रार्थना करणाऱ्या या बाई उठल्या, तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. त्यांची प्रार्थना कुठे संपली आणि प्रवास कुठे सुरू झाला, हे मला शोधूनही सापडत नाही.

आम्ही त्या दिवशी काय नेलं होतं, सांगू? बाटलीबंद पाण्याचे दोन बॉक्स. अर्धे आम्हीच प्यालो. याकोबाचा दुसरा अध्याय तेव्हापासून मला भरभर वाचता येत नाही.

वहीतली ती ओळ मी खोडली. आता तिथे लिहिलंय : ‘पडलेला पाऊस पाड्यावर राहू दे.’ मागणं रोजचंच आहे. फक्त आता पुढच्या ओळीवर जायला वेळ लागतो.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आज नळ उघडला तेव्हा त्या मावशींचा चेहरा आठवला. त्यांचा हंडा घराजवळ भरू दे. तू आम्हांला कुठे पाठवणार असशील तर स्पष्ट सांग, कारण आम्ही पटकन ऐकत नाही. येशूच्या नावात मागते. आमेन.