वेग आणि भार

आपल्या सुखासाठीं शक्तीची वांटणी बदलण्याचा मनुष्यास कितपत अधिकार आहे, हा प्रश्न आमच्यापुढें एका जुन्या मोटारसायकलीनें उभा केला. प्रश्न दिसतो लहान. परंतु विचार करूं लागलों तेव्हां तो यंत्रापाशींच थांबेना.

आमची गाडी जुनी, चार गिअरांची बुलेट आहे. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. त्या काळच्या रस्त्यांवर दोन माणसें व सामान निमूटपणें वाहून नेणें, हाच या जातीच्या गाडीचा धर्म. आमच्या गाडीच्या गिअरबॉक्सवर साखळी ओढणारें सोळा दात्यांचें चक्र होतें; मागल्या चाकावर अडतीस दात्यांचें. मागलें चक्र ब्रेकच्या ड्रमाशीं एकजीव असल्यामुळें बदलावयाचें तें पुढलें. सावनेरहून नागपूरकडे जाणारा रस्ता आतां चौपदरी झाला आहे. त्यावरून वेगानें जातांना इंजिनाची धडधड पन्नाशी उलटलेल्या हातांस सोसवेना. म्हणून सोळांच्या जागीं अठरा दाते बसवावे, असें आम्हीं ठरविलें.

क्लच उतरवून चक्रापर्यंत पोंचलेल्या मिस्त्रीनें हात थांबवून विचारलें, "सर, मांगं कोन बसते?" आम्ही नुसते हंसलों. तो म्हणाला, "ताकद काई वाढत नाई, सर. इकडची तिकडे जाते."

हिशेब त्याचाच खरा होता. अठरा दात्यांमुळें त्याच वेगास इंजिनाचे फेरे एक-नवमांशानें कमी होतात. पण चाकास मिळणारा जोरहि तितकाच घटतो. वाऱ्याचा विरोध मोठा असल्यामुळें कमाल वेग वाढेलच, असेंहि नाहीं. नागपूरच्या सपाट रस्त्यावर गाडी शांत झाली व आम्ही प्रसन्न झालों. पुढें एकदां सौंसरवरून छिंदवाड्यास जातांना सिल्लेवानीचा घाट लागला. तिसऱ्या गिअरमध्यें इंजिन गुदमरे, दुसऱ्यांत आक्रोश करी. एका वळणावर थांबून पुन्हां निघतांना क्लच जळल्याचा वास आला, आणि मागें बसलेली आमची पत्नी मुकाट्यानें उतरून चढ चालूं लागली.

संसारांतहि आम्ही हेंच करितों. पन्नाशीनंतर "आतां आम्हांस शांतता हवी" असें म्हणून एकेक काम अंगावेगळें करितों. सपाटीवर कोणाचेंच अडत नाहीं. घरांत दुखणें निघालें, मुलाची नोकरी गेली, म्हणजे कळतें कीं आमच्या स्वस्थतेची किंमत दुसरेंच कोणी देत आहे. याचा अर्थ जन्मभर खालच्या गिअरमध्यें कण्हत राहावें, असा नव्हे. तशानें इंजिन तापतें आणि मनुष्यहि तापतो. विश्रांति इच्छिणें हा दोष नाहीं. भार ज्यांच्यावर पडावयाचा त्यांस न विचारतां वांटणी ठरविणें, हा दोष आहे.

घाटमाथ्यावर आम्हीं क्षमा मागितली. ती म्हणाली, "अहो, उतरायला माझी ना नव्हती. पण चाक बदलतांना मला एकदां विचारायचं होतं."

परतल्यावर विचारलें. दोघांच्या संमतीनें आतां सतरा दाते बसविले आहेत. सपाटीवर धडधड थोडी अधिक आहे. ती सोसावी, असें आम्हीं मान्य केलें आहे.