सुभेदाराची वाटणी

घरातल्या एका मुलाला पुढे आणण्यासाठी बाकीच्यांच्या वाट्याला कात्री लावावी का? आपल्याकडच्या असंख्य घरांनी हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवला आहे आणि बहुधा तो कुणी मोठ्यानं विचारलेला नाही. बापाची मिळकत ठरलेली, मुलं चार-पाच, पैसे एकाच्याच फीला पुरतील एवढे. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत न्याय्य वाटपाची चर्चा भरपूर सापडते. पेन्शनचे रुपये मोजत बसलेल्या माणसाला ती फारशी कामी येत नाही.

असा हिशेब करणाऱ्यांत मला सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आठवतात. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावं अपत्य झालं, ते भीमराव. महूला आज मोठं स्मारक आहे, गावाच्या नावातही आंबेडकर आले. बाप तिथे नोकरीवर होता म्हणून लेक तिथे जन्मला, एवढ्याच एका वाक्यात रामजी बहुधा उरतात.

त्यांचं मूळ गाव कोकणातलं, मंडणगडजवळचं आंबडवे. वडील मालोजी लष्करात, सासरेही लष्करात. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणींमध्ये शाळा असत आणि शिपायांना, त्यांच्या मुलाबाळांना तिथे शिकावं लागे. गावातल्या शाळेची पायरी ज्यांना चढता येत नव्हती, अशा कितीतरी महार घरांत अक्षरं आली ती या वाटेनं. रामजी त्याच वाटेनं शिकले, शिक्षक झाले आणि पुढे लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले. त्यांच्या शिपाईगिरीचा मोठा भाग फळ्यापुढे गेला, हे सांगायचं सहसा राहून जातं.

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला, १८९० च्या दशकात, सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जमाती कोणत्या याचे नवे सिद्धांत तेव्हा सैन्यात जोरात होते. ज्या दारानं दोन पिढ्या आत आल्या, ते दार पुढच्यांसाठी लागलं. आत असलेल्याला मात्र पेन्शन चालू राहिली. अशा माणसानं काय करावं? खाल्ल्या मिठाला जागून गप्प बसावं, की ज्यांना ते मीठ आता मिळणार नाही त्यांच्या बाजूनं बोलावं? चरित्रकार धनंजय कीर सांगतात की, या हुकुमाविरुद्धच्या अर्जासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. हुकूम काही बदलला नाही. मला त्या अर्जाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यात मांडलेल्या गोष्टीतून रामजींना स्वतःला काहीच मिळायचं नव्हतं.

मग दापोली, सातारा, पुन्हा नोकरी. भीमाबाई साताऱ्यात वारल्या. चौदा मुलांपैकी तीन मुलगे आणि दोन मुली तेवढ्या जगल्या: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव.

मुंबईत परळच्या चाळीत एक खोली. तीत चूल, लाकूडफाटा, जातं, पायाशी शेळी. म्हातारा बाप रात्री दोनपर्यंत जागा राही, मग मुलाला उठवी आणि त्याच्या जागेवर आपण आडवा होई. मुलगा चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत वाची. हे चित्र मराठी वाचकाला पाठ आहे, अन्य भाषांतल्या अनेकांनाही. त्याच खोलीतला आनंदराव मात्र कुणाला आठवत नाही. दोघांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा त्याची शाळा सुटली आणि तो नोकरीला लागला. लेकाला एखादं पुस्तक हवं झालं आणि हाती पैसे नसले, की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. एखादा दागिना मागून आणत, तो गहाण पडे, पेन्शन आली की सुटे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, त्यात मंजुळा-तुळसेच्या अंगावरचं सोनं आहे. त्यांना शाळेचं काय मिळालं हे चरित्रं फारसं सांगत नाहीत.

हा अन्याय होता का? होता, असं मी म्हणेन. निकाल एवढा थोर लागला म्हणून मूळ वाटणी न्याय्य ठरत नाही. तोच मुलगा मॅट्रिकला नापास झाला असता, तर आपण रामजींना पक्षपाती बाप म्हणून मोकळे झालो असतो. आणि तरीही त्यांच्या जागी बसून दुसरी वाटणी मला सुचत नाही. सगळ्यांना सारखं म्हणजे सगळ्यांना थोडंथोडं, आणि त्या थोड्यात कुणाचंच मॅट्रिक झालं नसतं. सारखेपणाची चैन परवडावी इतकं त्या घरात नव्हतंच. ते तसं का नव्हतं, हा आरोप बापावर ठेवता येत नाही.

शिस्तही लष्करी. घरात रामायण-महाभारत वाचायलाच लागे. ज्या ग्रंथांत आपल्याला हीन लेखलंय ते आपण का वाचायचे, असं मुलानं विचारलं तेव्हा आधी गप्प बसवलं गेलं. पुढे खुलासा मिळाला की, खालून वर चढलेल्यांच्या कथा वाचून न्यूनगंड जातो. बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत ही हकिगत आहे आणि बापाचा खुलासा आपल्याला पटला नव्हता, हेही आहे. आज्ञा पाळायला शिकवणाऱ्या घरात ‘का’ विचारणारा मुलगा वाढला. हे रामजींमुळे झालं की रामजी असूनही, मला ठरवता येत नाही. इंग्रजीसाठी मात्र त्यांनी धरलेला हट्ट सरळ कामी आला.

१९१३ च्या सुरुवातीला भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरतेला ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले, गाडी चुकली, एक दिवस गेला. मुलाच्या पाठीवर हात फिरेपर्यंत म्हातारा थांबला होता. २ फेब्रुवारीला तो गेला.

दहा वर्षांनी रुपयाच्या प्रश्नावरचा भीमरावांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शिक्षणासाठी आई-वडिलांनी सोसलं, याची कृतज्ञता म्हणून तो त्यांच्या स्मृतीला अर्पण आहे. भावाबहिणींचा उल्लेख त्यात नाही. आनंदराव १९२७ साली वारले. त्यांची विधवा लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांना बाबासाहेबांनी आपल्या घरात सांभाळलं.