माळवदावरची माती

एका मराठी लेखाचं हिंदी भाषांतर करताना ‘माळवद’ या शब्दापाशी मी दोन दिवस अडले. ‘छत’ लिहिलं की अर्थ पोचतो, पण माती गळून जाते. माळवद म्हणजे मुळात मातीच. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचणं, त्यांवर कडुनिंबाचा पाला आणि सगळ्यांवर पांढरी माती. मधे एक सवणे. त्यातून ऊन आत येतं, धूर बाहेर जातो.

बार्शीकडच्या आमच्या शेतकरी घराचं माळवद असंच आहे. ओसरी, चौक, धान्याचं बळद, दाराशेजारी गोठा. दगडी भिंती दोन हात जाड. मेच्या उन्हातही माजघरात गार वाटायचं. मृग लागायच्या आत आजी माळवदावर नवी माती टाकून घ्यायची. मागच्या साली कुठं गळलं ते तिला पाठ असे. जुनी माती मात्र कुणी काढत नसे. तिच्याआधी तिच्या सासूनं हेच केलं होतं. अशी वर्षावर्षानं माती चढत गेली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्याकडे किलचणांतून भुरुभुरु माती पडली, एवढंच. किल्लारी-सास्तूर परिसरात मात्र झोपेतली हजारो माणसं अशाच घरांखाली गेली. लातूर-उस्मानाबाद मिळून मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला.

नंतर अभियंत्यांनी सांगितलं ते मी पुढे वाचलं. जाड दिसणारी भिंत खरं तर दोन भिंतींची होती. आतली एक, बाहेरची एक, मधे दगडगोट्यांची आणि चिखलाची भर. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच भिंती फाकल्या. पुष्कळ घरांत लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला आणि माणसं भिंतींखाली गेली. जिथं सांगाडाही बसला, तिथं वरची सगळी माती खाली आली. कुडाच्या, गवताच्या छपराच्या झोपड्यांना त्यामानानं फारसं काही झालं नाही.

मला छळतो तो प्रश्न इथं सुरू होतो. आजीसारख्या बायकांनी गळती लागू नये म्हणून जी माती टाकली, तिनंच ओझं वाढवलं. याला दोष म्हणायचं का? हा भाग तेव्हा भूकंपाच्या दृष्टीनं सर्वांत सुरक्षित पट्ट्यात धरला जाई. तज्ज्ञांना जे ठाऊक नव्हतं ते आजीला कुठून ठाऊक असणार? तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पण कळल्यानंतरही जो ती माती तशीच ठेवतो, त्याचं काय?

(पुनर्वसनातही एक गोष्ट खटकते. ५२ गावं नव्या जागी वसवली, तेव्हा भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचे शेतकरी यांना २५० चौरस फुटांचं घर, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. भूकंपानं झोपडीला झुकतं माप दिलं होतं. नव्या गावानं ते पुन्हा जमिनीच्या हिशोबानं मोजलं.)

कळल्यानंतर मी काय केलं, तेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी चुलतभावानं माळवद उतरवून पत्रे टाकायचं काढलं, तेव्हा मीच आडवी आले. परंपरा, गारवा, स्थापत्य, सगळं बोलले. अशा घरांवरचे लेख भाषांतरित केलेले. शब्दांची वाण नव्हती. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “ताई, तू चार दिस येतीस आन् अंगणात झोपतीस. आत आमची पोरं झोपत्यात.”

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. त्यानं अर्थात माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पत्रे मात्र टाकले नाहीत. ते तापतात, हे मी सांगायच्या आधीच त्याला माहीत होतं. खांब-तुळया ठेवल्या, भिंतींचा वरचा निम्मा भाग उतरवून तिथं विटा लावल्या आणि माळवदावर चार बोटं माती राखून बाकीची काढली. पावसाळ्यात गळतं. तो वर प्लास्टिकचा कागद अंथरतो.

काढलेली माती ट्रॅक्टरच्या अकरा खेपा भरली. आमच्याकडे गावठाणाला पांढरी आणि रानाला काळी म्हणतात, आणि पांढरीची जुनी माती रानाला खतासारखी मानवते. त्यानं ती विहिरीकडच्या तुकड्यात पसरली. त्या साली तिथं ज्वारी होती.