लक्ष कुणाला दिलं?

दर रविवारी सकाळी फोन मला आठवड्याचा हिशेब देतो. रोज सरासरी किती तास पडद्यावर, किती वेळा फोन उचलला, उचलल्यावर आधी काय उघडलं. २०१८ साली ॲपल आणि गूगल या दोघांनीही ही सोय आणली.

आकडा बघून वाईट वाटतं. मग एखाद्या ॲपवर अर्ध्या तासाची मर्यादा घालतो. ती संपली की फोन विचारतो, आणखी पंधरा मिनिटं हवीत का? मी हो म्हणतो. म्हणजे मला माहिती असते, भान नसतं.

भान आलं ते एका रविवारी. इथे एडिनबरात सकाळचे साडेनऊ, साताऱ्यात दुपारचे तीन. आई व्हिडिओ कॉलवर गुडघ्याबद्दल सांगत होती. मी तिचा चेहरा कोपऱ्यात छोटा करून बातम्या चाळत होतो, मधूनमधून 'हं' म्हणत होतो. ती थांबली आणि म्हणाली, "तुला काम असेल तर ठेवू का?" रागावली नव्हती. उलट आपणच मुलाचा वेळ खातोय, असा संकोच तिच्या आवाजात होता.

फोनच्या हिशेबात हे कुठेच येत नाही. आईशी मनापासून बोललेला तास आणि रात्री अंथरुणात वाया घालवलेला तास तिथे एकाच बेरजेत पडतात. 'फोन कमी वापरा' हा उपदेश आपण परदेशात राहणाऱ्यांनी सरसकट पाळला, तर पहिली काट घरच्यांनाच बसेल.

एरवी आपण या विषयावर बोलतो ते माझी झोप, माझं काम, माझे डोळे असं. पण मराठीत आपण लक्ष 'देतो'. ते दिलं नाही, तर समोरच्या कुणाला तरी कमी पडतं. म्हणून मला हा प्रश्न आरोग्याइतकाच देण्याघेण्याचाही वाटतो. दुसऱ्याला भान यावं असं वाटत असेल, तर त्याच्यापुढे आकडे नाचवून उपयोग नाही. ज्याच्या वाट्याचं लक्ष गेलं, त्याने ते सांगायला हवं. पण आईवडील संकोचाने बोलत नाहीत आणि मुलं धाकाने. तेव्हा विचारायची पाळी फोन हातात असलेल्याची.

पुढच्या रविवारी मी फोन पुस्तकांना टेकवून लांब ठेवला आणि आईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. माझा आकडा अजून फारसा उतरलेला नाही. दुखतो तो गुडघा डावा, हे मात्र आता मला माहीत आहे.