शिकाऊ हात आणि गरिबाचा हक

फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे आपला माणूस दोन तऱ्हेने पाहतो. एक तर ती खैरात समजून मान खाली घालून घेतो, नाही तर ‘फुकटात काय चांगलं मिळणार’ म्हणून पाठ फिरवतो. औषधाच्या बाबतीत हे दिसते, शाळेच्या बाबतीत दिसते आणि कायद्याच्या सल्ल्याच्या बाबतीत तर फारच दिसते. विधी महाविद्यालयांतून जी मोफत कायदा सहाय्य केंद्रे चालतात, त्यांच्याविषयीचा संशय तर दुहेरी आहे. तिथे सल्ला फुकट असतो, आणि तो देणारा अजून वकील झालेला नसतो. तो विद्यार्थी असतो. त्याचे प्राध्यापक मागे उभे असतात खरे, पण समोर बसतो तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी.

यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. श्रीमंताच्या दाव्यावर कुणी हात बसवत नाही. त्याच्याकडे मुरलेला वकील असतो. मग गरिबाचेच दुःख सरावासाठी का वापरावे? शिकाऊ हात त्याच्याच वाट्याला का यावा? हा प्रश्न कुत्सितपणे विचारणारे पुष्कळ आहेत, पण तो प्रामाणिकपणे विचारण्याजोगाही आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला मोफत वकील देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. त्यात दयेचा भाग नाही, असे बजावले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कैद्यांचा प्रश्न न्यायमूर्ती भगवती यांच्यापुढे आला. तो खटला हुसैनारा खातून या बाईच्या नावाने ओळखला जातो. त्याआधी १९७६ मध्येच बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत ३९-अ हे कलम आले होते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे उभारण्याला उत्तेजन द्यावे, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयाला असे केंद्र सक्तीचे केले. ते ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवायचे असते. म्हणजे हे काम कुणा भल्या माणसाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

विद्यार्थ्याच्या कामाला मर्यादाही आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार आपल्याकडे कोर्टात उभे राहण्याचा अधिकार वकिलाचा. अमेरिकेत अनेक राज्यांत विद्यार्थी आपल्या देखरेखीच्या वकिलासोबत न्यायाधीशासमोर बोलू शकतो. आपल्याकडे तो ऐकतो, लिहून घेतो, कागद शोधतो, अर्जाचा मसुदा करतो, कचेरीत सोबत जातो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण गरिबाचा दावा बहुतेक वेळा कोर्टाच्या पायरीवर पोचण्याआधीच मरतो, आणि मरतो तो याच किरकोळ गोष्टींअभावी.

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारचे उदाहरण घेऊ. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरचे, आळेफाट्याजवळचे हे गाव. ऊस, कांदा, आणि उसात बिबट्या. अशा गावातल्या माणसाच्या अडचणी काय असतात? बापाच्या पश्चात सात-बारावर वारसांची नोंद झालेली नाही. भावांनी बहिणीचे नाव गाळले. बिबट्याने शेळी नेली, पण वेळेत पंचनामा झाला नाही म्हणून भरपाई अडली. नवऱ्याने टाकलेल्या बाईला पोटगी कुठे मागायची ते ठाऊक नाही. यातली एकही गोष्ट मोठ्या वकिलाच्या बुद्धीची नाही. ती चिकाटीची आणि वेळेची आहे. मुरलेल्या वकिलापाशी बुद्धी असते, वेळ नसतो. विद्यार्थ्यापाशी अख्खी दुपार असते. आपले म्हणणे मधे न तोडता कुणी ऐकून घेतले, याचा अनुभव गरिबाला क्वचितच येतो. शिकाऊ हाताच्या बाजूने पहिला मुद्दा मांडायचा तो हा.

आमच्या समाजाची आणखी एक अडचण आहे. ती उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला रोज दिसते. मुलाचे नाव घरी एक, रजिस्टरात उर्दूत एक, दाखल्यावर मराठीत एक आणि आधार कार्डावर इंग्रजीत आणखी एक. मोहम्मद, महंमद, मुहंमद, नुसते ‘मो.’, शेख कुठे आधी, कुठे शेवटी. माहेरची रझिया बी सासरी रजियाबी होते आणि बँकेत रझिया बेगम. या तिघी एकच आहेत हे सिद्ध करता करता तिचा जमिनीतला वाटा राहून जातो. हे कागद एका ओळीत लावून प्रतिज्ञापत्र तयार करून देणे विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे. त्यासाठी सनद लागत नाही, लक्ष लागते.

नावाच्या अशा फरकापायी माणूस फाशीच्या तख्तापर्यंत जाऊ शकतो, हे पुण्यातल्याच एका खटल्याने दाखवले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली. त्यांत बायका होत्या, मुले होती. १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्यांत राजस्थानातून आलेला एक मुलगा होता. खटल्यात त्याचे नाव एक लागले होते, गावच्या शाळेत दुसरेच. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट ३९-ए’ या उपक्रमाने पुढे त्याची बाजू घेतली. याच उपक्रमाचा देशातल्या फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल २०१६ साली निघाला. त्यासाठी विद्यार्थी तुरुंगातुरुंगांत आणि कैद्यांच्या घरोघर हिंडले होते, आणि दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघे आर्थिकदृष्ट्या दुबळे असल्याचे त्यांना आढळले. पुण्याच्या खटल्यातल्या त्या कैद्याच्या वयाची सर्वोच्च न्यायालयाने चौकशी करवली. शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने मान्य केले आणि त्याची सुटका केली. तोवर अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. बालन्याय कायद्यात वय ठरवताना शाळेच्या दाखल्याला पहिले स्थान आहे. तो दाखला इतकी वर्षे गावात पडून होता. तो आणायला कुणी गेले नव्हते.

इथे काही जण विचारतील, ज्याच्या नावावर इतके भयंकर कृत्य, त्याच्यासाठी मेहनत का? त्या घरात मेलेल्यांचे काय? हा सवाल रागाने विचारला जातो आणि तो राग खोटा नाही. पण त्या मेलेल्यांनाही खरा न्याय द्यायचा असेल, तर शिक्षा कायद्याप्रमाणेच व्हायला हवी. साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी सांगून मृतांचे ऋण फिटत नाही. चांगल्या माणसालाच मदत करायची ठरवले तर ते इनाम होते. हक तो, जो न आवडणाऱ्या माणसालाही द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बी.एड. केलेल्या कुणालाही सराव पाठ ठाऊक असतो. शिकाऊ शिक्षक वर्गात जातो आणि तीस-पस्तीस मिनिटे शिकवतो. समोरच्या मुलांना कुणी विचारलेले नसते, की तुमच्यावर सराव केला तर चालेल का. त्या मुलांचे ते वर्ष आयुष्यात एकदाच येते. आणि सराव पाठ बहुधा साध्या शाळेतच होतात, भारी फीच्या शाळेत नाही. म्हणजे विधी विद्यार्थ्यांविषयीचा प्रश्न शिक्षकांनाही लागू आहे. तरी आपण सराव पाठ बंद करा म्हणत नाही. कारण त्याला तीन गोष्टींनी आधार दिलेला असतो. टाचण आदल्या दिवशी तपासलेले असते. शेवटच्या बाकावर पद्धतीचे मास्तर निरीक्षण वही घेऊन बसलेले असतात. आणि दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षक तो धागा पुन्हा हाती घेतात. या तिन्हींपैकी एक जरी गळली, तर सराव पाठ हा मुलांवरचा अन्याय ठरतो.

कायदा सहाय्य केंद्राचेही असेच आहे. विद्यार्थ्याचा मसुदा प्राध्यापकाने तपासलेला हवा. चुकले तर ‘पोरगं नवीन होतं’ म्हणून चालणार नाही. जबाबदारी मागे बसलेल्याची. आणि सर्वांत अवघड तिसरी गोष्ट. विद्यार्थी परीक्षा देऊन जातो, दावा मात्र चालूच राहतो. तेव्हा फाइल तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाच्या हाती जायला हवी. हे तीन धागे शाबूत असतील तर शिकाऊ हात पत्करण्यात गरिबाचा अपमान नाही. उलट एका दाव्यामागे दोन डोकी आणि चार डोळे लागतात. हे धागे तुटले असतील, तर मग कितीही गोड बोलले तरी ते गरिबाला वापरून घेणेच आहे.

आपल्या परंपरेतही याचे बीज आहे. कुरआनने संपत्तीतला गरजूंचा वाटा हा त्यांचा हक म्हटला आहे. देणाऱ्याचा मोठेपणा म्हणून तो सांगितलेला नाही. जे संपत्तीला लागू, ते इल्मला का नसावे? शिकलेल्याचे ज्ञान ही अमानत आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या ऐन तारुण्यातला, प्रेषितत्वाच्या आधीचा ‘हिल्फुल फुजूल’ हा करार आठवावा. परगावच्या एका व्यापाऱ्याचे पैसे मक्केतल्या वजनदार माणसाने बुडवले. त्याला शहरात कुणी वाली नव्हता. तेव्हा काही जणांनी एकत्र येऊन शपथ घेतली, की अन्याय झालेला माणूस आपला असो वा परका, त्याचा हक मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहायचे. प्रेषित (स.) त्या शपथेत सामील होते, आणि पुढेही त्या कराराचा त्यांना अभिमान होता. त्या व्यापाऱ्याला दान कुणी दिले नाही, त्याचेच पैसे त्याला मिळवून दिले. आणि ‘मिळेपर्यंत’ या शब्दात सगळे आले. एका दिवसाचे शिबिर, सतरंजी, हार, फोटो आणि परत गाडी, असा तो मामला नव्हता.

दुखणे इथेच आहे. विधी महाविद्यालये पुण्यात, गरज आळेफाट्याच्या आसपास. पुणे इथून शंभरेक किलोमीटर. कोर्ट जुन्नरला. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आमच्या किती घरांना माहीत आहे? नवऱ्याने ‘तलाक दिला’ असे नुसते म्हटल्याने तो होत नाही, तो सिद्ध करावा लागतो, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण प्रकरणी २००२ सालीच दिला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. निकाल छापले गेले. ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्या ओट्यापर्यंत पोचले नाहीत. ते पोचवायला न्यायमूर्ती येणार नाहीत, मोठा वकील येणार नाही. येऊ शकेल तो विद्यार्थीच. जुन्नर-आंबेगावची कितीतरी मुले पुण्यात शिकतात. ती सुट्टीला घरी येतातच.

म्हणून मागणी करायची ती दयेची नको. महिन्यातला एक ठरलेला वार, ठरलेली जागा, आलेल्या प्रत्येक अर्जाला क्रमांक, त्यावर जबाबदार प्राध्यापकाची सही आणि काम संपेपर्यंत जिवंत राहणारी फाइल, एवढे मागावे. आणि आपणही एक सवय सोडावी. समोरचा पोरसवदा आहे म्हणून पाठ फिरवू नये आणि फुकट आहे म्हणून मान खाली घालू नये. त्याला विचारावे, ‘बाळ, तुझ्या मागे कोण आहे?’ या प्रश्नाला त्याला नाव घेऊन उत्तर देता आले, तर कागद खुशाल त्याच्या हाती द्यावा.